न खेळणाऱ्यांचं जुगारनगर : लास वेगासचा इतिहास आणि चार दिवसांची सहल



आजचा विषय तुमच्याकडूनच आला आहे. आपल्या श्रोत्यांमध्ये अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन येणारे आईवडील बरेच आहेत. त्यांचा अनुभव साधारण सारखा असतो. मुलं सुट्टी काढतात, ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरतं, आणि विमानाचं तिकीट निघतं लास वेगासचं. मग घरात प्रश्न पडतो. आम्ही गोकुळाष्टमीच्या रात्रीसुद्धा पत्त्यांना हात लावत नाही, आम्ही त्या गावात चार दिवस करायचं काय? आणि थोड्या हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो : तिथे जाणं बरं दिसतं का?

पहिला प्रश्न प्रवासाचा आहे, दुसरा नीतीचा. मला असं वाटतं की दोन्हींचं उत्तर एकाच इतिहासात आहे. त्या इतिहासाकडे बघताना एक प्रश्न हातात धरून ठेवायचा : या शहरात जो खेळत नाही, त्याचं बिल कोण भरतं?

सुरुवात ओळखीच्या ठिकाणाहून करू. महाभारतातलं सभापर्व. द्यूत म्हटलं की आपल्याला शकुनी आणि युधिष्ठिर आठवतात. पण त्या सभेत खेळणारे होते किती? फासे टाकणारा एक आणि पण लावणारा एक. बाकी भीष्म, द्रोण, कृप, विदुर, धृतराष्ट्र, जमलेले राजे, सगळे न खेळणारे. आणखी एक तपशील आपल्या लक्षात राहत नाही. या खेळासाठी धृतराष्ट्राने मुद्दाम नवी सभा बांधून घेतली होती, हजार खांबांची, शंभर दारांची. आणि विदुराबरोबर पांडवांना जो निरोप गेला, त्यात आधी काय होतं? भावांसह येऊन ही नवी सभा बघा. आणि मग, इथे मित्रत्वाचा एक डाव होऊ द्या. म्हणजे आमंत्रण वास्तू बघण्याचं; खेळ नंतर, जाता जाता.

लास वेगास शहर गेली ऐंशी-नव्वद वर्षं जगाला हाच निरोप पाठवतं आहे. आता ते कसं घडलं ते बघू.

'लास वेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ आहे कुरणं. मोहावे वाळवंटाच्या मध्ये इथे जिवंत झरे होते, म्हणून गवत होतं. दक्षिण पायूट लोक या पाण्याच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या राहत होते. १८५५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी इथे एक छोटी गढी बांधली. लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटी यांच्यामध्ये लोहमार्ग टाकला गेला, तेव्हा वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं. ते इथे मिळालं. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने जमिनीचे तुकडे पाडून लिलाव केला आणि गाव वसलं. गंमत बघा, की ज्या पाण्यामुळे गावाला नाव मिळालं, ते झरे उपसा करकरून १९६२ पर्यंत आटले. आज शहर पितं ते मुख्यतः कोलोरॅडो नदीचं पाणी.

दुसरी गोष्ट. हे राज्य कायम जुगाराचं होतं असा आपला समज असतो. तसं नाही. नेवाडा राज्याने १ ऑक्टोबर १९१० पासून जुगारावर बंदी घातली होती. ती उठली १९ मार्च १९३१ ला, महामंदीच्या ऐन काळात. खाणी मंदावलेल्या, शेती जेमतेम, तिजोरीत पैसा नाही. त्याच वर्षी घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली गेली. म्हणजे शेजारच्या राज्यांत जे करायला अडचण होती, ते करायला लोकांनी आपल्याकडे यावं आणि राहावं, हा सरळ हिशेब होता.

पण १९३१ मध्ये आणखी एक काम सुरू झालं, आणि माझ्या मते न खेळणाऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रारंभ तो आहे. कोलोरॅडो नदीवरचं हूव्हर धरण. उंची सुमारे २२१ मीटर. आपल्या कोयना धरणाच्या दुपटीहून जास्त. ऐन कामाच्या दिवसांत पाच हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी हे नवं गाव वसवलं आणि त्या गावात दारू आणि जुगार दोन्हींना मनाई केली. बोल्डर सिटीत आजही जुगार चालत नाही. मजूर मग पगाराच्या दिवशी लास वेगासला जायचे. आणि धरण कसं बांधतात हे बघायला देशभरातून मोटारी भरभरून लोक यायला लागले. रात्री मुक्कामाला सोयीचं शहर लास वेगासच. तेव्हा गाव स्वतःला अभिमानाने धरणाचं प्रवेशद्वार म्हणवून घ्यायचं. म्हणजे लास वेगासचे पहिले मोठ्या संख्येने आलेले पर्यटक काय बघायला आले होते? एक धरण. तुम्ही जर उद्या तिथे धरण बघायला गेलात, तर तुम्ही त्या शहरातली सर्वांत जुनी पर्यटन-परंपरा पाळता आहात.

पुढचं पाऊल १९४१ चं. कॅलिफोर्नियातले हॉटेलवाले टॉमस हल यांनी गावाच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या रस्त्याला लागून, 'एल रांचो वेगास' नावाचं हॉटेल उघडलं. हद्दीबाहेर का? जमीन स्वस्त, आणि शहराचा कर नाही. आज आपण ज्याला 'स्ट्रिप' म्हणतो, तो प्रसिद्ध रस्ता बहुतांश याच कारणाने कायद्याने लास वेगास शहरात नाहीच. तो क्लार्क काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हद्दीत आहे. हल यांनी पोहण्याचा तलाव रस्त्यावरून दिसेल असा ठेवला. वाळवंटातून तासन् तास मोटार चालवून आलेल्या माणसाला दुरून निळं पाणी दिसलं की तो थांबणारच. खोली, जेवण, तलाव, गाणंबजावणं, आणि मधोमध कॅसिनो. पुढे जे जे बांधलं गेलं, त्या सगळ्याचा आराखडा इथे तयार झाला. याच हॉटेलात चाळीसच्या दशकात एका डॉलरमध्ये पोटभर, हवं तेवढं जेवण सुरू झालं. वेगासचा बुफे तो हाच.

आता आपला प्रश्न आठवा. एका डॉलरमध्ये पोटभर जेवण परवडायचं कसं?

याचं उत्तर गणितात आहे, आणि ते सोपं आहे. अमेरिकन रुलेच्या चाकावर अडतीस घरं असतात : १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. समजा तुम्ही प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवलात. अडतीस डॉलर गेले. गोळी कुठेही पडो, एक घर नक्की लागणार. त्या एका डॉलरवर पस्तीस डॉलर मिळतात आणि तुमचा डॉलर परत येतो. हातात आले छत्तीस. दोन डॉलर घराचे. म्हणजे दर शंभरामागे सव्वापाच डॉलर. यात लबाडी काहीही नाही; चाक अगदी प्रामाणिक आहे. कॅसिनोला लबाडीची गरजच नसते. एका रात्री कोण जिंकेल हे कोणालाच सांगता येत नाही, पण वर्षभरात कोण जिंकेल हे सतराव्या शतकातल्या पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारापासून माणसाला मोजता येतं. त्या सव्वापाच टक्क्यांतून स्वस्त खोली, डॉलरचं जेवण आणि नामांकित गायकाचा कार्यक्रम यांचा खर्च निघत होता. तुम्ही खेळला नाहीत, तरी शेजारच्या टेबलावर कोणीतरी तुमच्या ताटाचे पैसे हरत होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या वेगासमध्ये 'आम्ही खेळत नाही' हे वाक्य अर्धंच खरं होतं.

१९४६ च्या डिसेंबरात 'फ्लेमिंगो' उघडलं. त्यामागे बगसी सीगल हा गुन्हेगारी टोळीतला माणूस होता. सहा महिन्यांत त्याचा लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्समध्ये खून झाला. पुढची काही दशकं टोळ्यांचा पैसा या हॉटेलांत खेळत राहिला. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने लास वेगासच्या न्यायालयात सुनावणी घेतली. ती इमारत आज संघटित गुन्हेगारीचं संग्रहालय आहे आणि सुनावणीचं दालन आपल्याला बघता येतं.

एक गोष्ट चकचकीत माहितीपत्रकांत सापडत नाही, ती इथे सांगायला हवी. या 'सर्वांचं स्वागत' करणाऱ्या रस्त्यावर पन्नासच्या दशकात कृष्णवर्णीय पाहुण्यांना जागा नव्हती. कृष्णवर्णीय गायक रंगमंचावर टाळ्या घ्यायचे आणि झोपायला शहराच्या पश्चिमेकडच्या वेगळ्या वस्तीत जायचे. १९५५ च्या मे महिन्यात 'मूलाँ रूज' हे सर्व वर्णांना खुलं असलेलं पहिलं हॉटेल-कॅसिनो उघडलं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. शेवटी निदर्शनं करण्याचा इशारा दिला गेला, तेव्हा २६ मार्च १९६० ला हॉटेलमालकांनी भेदभाव सोडायचं मान्य केलं. आज आपण सावळ्या रंगाची माणसं तिथे सहज खोली घेतो. त्या सहजपणाला ही तारीख आहे.

याच काळात शहराने न खेळणाऱ्यांसाठी आणखी एक 'प्रेक्षणीय' गोष्ट शोधली होती. १९५१ पासून शहराच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर अणुबॉम्बच्या चाचण्या होऊ लागल्या. पहाटे हॉटेलच्या गच्चीवर जमून लोक तो ढग बघत. आज अंगावर काटा येतो. पण बघ्यांच्या गर्दीला काय काय दाखवता येतं, याचा हा पुरावा आहे. शहरात अणुचाचण्यांचंही संग्रहालय आहे, आणि ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी ते चुकवू नये.

आता मोठं वळण. नेवाडाची मक्तेदारी १९७८ मध्ये संपली. त्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक सिटीत कॅसिनो उघडला. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानंतर आदिवासी जमातींच्या भूमीवर ठिकठिकाणी कॅसिनो निघाले. खेळायचं तर आता माणसाला घरापासून तासाभरावर खेळता येत होतं. मग वाळवंटात कशाला यायचं?

लास वेगासचं उत्तर होतं : बघायला या. १९८९ च्या नोव्हेंबरात 'मिराज' उघडलं. दारात ज्वालामुखी, तीन हजारांवर खोल्या. १९९३ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचं 'लक्सर' आणि मुलांसाठी उद्यान असलेलं 'एमजीएम ग्रँड'. काही वर्षं सहकुटुंब सहलीचं शहर म्हणून जाहिरात झाली. ते उद्यान फार चाललं नाही. पण १९९८ मध्ये 'बेलाजिओ' आलं, कारंजी, चित्रदालन, फुलांची बाग आणि छताला काचेची सुमारे दोन हजार फुलं घेऊन, आणि सूत्र सापडलं. मयसभेत पाणी आणि जमीन यांत दुर्योधनाची फसगत झाली होती. इथे लोक तीच फसगत बघायला तिकीट काढून येतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचं उत्पन्न उलटं झालं : जुगारापेक्षा खोल्या, जेवण, कार्यक्रम आणि दुकानं यांतून जास्त पैसा येऊ लागला. आज जुगाराचा वाटा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असतो. शहरात वर्षाला चार कोटींच्या आसपास माणसं येतात.

म्हणजे बघा, मंडळी, आपल्या प्रश्नाचं उत्तर बदललं. पूर्वी न खेळणाऱ्याचं बिल खेळणारा भरत होता. आता मुख्यतः आपलं बिल आपणच भरतो. नीतीच्या दृष्टीने ही बरी बातमी आहे. खिशाच्या दृष्टीने मात्र सावध करणारी आहे. कारण जे पूर्वी आमिष म्हणून फुकट होतं, ते आता विकायचा माल झालं आहे. डॉलरचा बुफे इतिहासजमा झाला. २०२० नंतर अनेक बुफे बंदच झाले. मोटार उभी करणं पूर्वी फुकट असायचं. २०१६ पासून मोठ्या हॉटेलांत त्याला पैसे पडू लागले. खोलीच्या भाड्यावर रोजचं 'रिसॉर्ट शुल्क' आलं, आणि त्यावर साधारण तेरा टक्के कर.

आता सहलीची आखणी. हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून केली तर सोपी आहे.

कधी जावं? मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर सहज जातो. ७ जुलै २०२४ ला तो जवळजवळ ४९ अंशांवर गेला होता. आपण नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात वाढलो, हा अभिमान तिथे चालवू नये. आठवड्याचे वार बघा : शुक्रवार-शनिवारी भाडं चढतं, सोमवार ते गुरुवार उतरतं. आणि शहरात मोठं व्यापारी अधिवेशन आहे का ते आधी तपासा. १९५९ मध्ये मोठं अधिवेशन केंद्र बांधलं गेलं ते मधल्या वारी खोल्या भरण्यासाठीच. जानेवारीत इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा मधले वारही महाग होतात.

भाडं कसं बघावं? शेवटचा आकडा बघावा. मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने सक्तीची शुल्कं पहिल्याच दराबरोबर दाखवावी लागतात. तरी कर आणि मोटारीचं भाडं वेगळं असतं; ते धरून दोन हॉटेलांची तुलना करा. स्ट्रिपबाहेर कॅसिनो नसलेली हॉटेलंही आहेत. ज्यांना दमा आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा, कारण कॅसिनोच्या भागात धूम्रपानाला कायद्याने मुभा आहे आणि बहुतेक मोठ्या हॉटेलांत लिफ्टकडे जाण्याची वाट त्यातूनच असते. तिथे शंभर दारं असतात, पण बाहेर पडायचं दार पटकन सापडत नाही. गुडघे दुखत असतील तर हे अंतर हिशेबात धरा. नकाशावर शेजारी दिसणारी दोन हॉटेलं वीस मिनिटांच्या चालीवर असू शकतात. स्ट्रिप साधारण पावणेसात किलोमीटर लांब आहे. बस आणि मोनोरेल दोन्ही आहेत.

नातवंडं बरोबर असली तर लक्षात ठेवा, एकवीस वर्षांखालच्यांना कॅसिनोच्या भागातून जाता येतं, थांबता येत नाही. आजोबांनी यंत्राजवळ उभं राहून नातवाला 'बघ कसं फिरतं' असं दाखवू नये, सुरक्षारक्षक येतो.

पहिला दिवस स्ट्रिपला द्या, आणि तो संध्याकाळचा. बेलाजिओची कारंजी आणि आतली बाग बघायला पैसे पडत नाहीत. त्या तळ्यातलं पाणीही जुन्या विहिरींचं आहे, पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं त्याला दिलं जाणारं. दुसरा दिवस जुन्या गावाला. फ्रीमाँट रस्ता, केफॉव्हर सुनावणीचं संग्रहालय, आणि जुन्या निऑन पाट्यांचं संग्रहालय. बंद पडलेल्या हॉटेलांच्या पाट्या तिथे उघड्यावर मांडलेल्या आहेत. शहराचा इतिहास वाचायला याहून चांगलं पुस्तक नाही. वेळ असेल तर जिथे मूळ झरे होते तिथलं 'स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह' बघा. पायूट लोकांपासून आजच्या पाणीटंचाईपर्यंतची गोष्ट तिथे कळते. तिसरा दिवस धरणाचा. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर, आणि येताना बोल्डर सिटीत जेवा. लाल खडकांचं 'रेड रॉक कॅन्यन' स्ट्रिपपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ऑक्टोबर ते मे तिथे मोटारीने जायला वेळ आधी राखून ठेवावी लागते.

आणि चौथा दिवस ग्रँड कॅन्यन. इथे बरीच गल्लत होते. 'वेस्ट' नावाचा भाग सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. काचेचा पूल तिथे. ती हुआलापाई जमातीची भूमी आहे, तिकीट वेगळं, राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही. आपण छायाचित्रांत बघतो ती विस्तीर्ण दरी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण काठावरून दिसते. तो काठ सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आहे. एका दिवसात जाऊन-येऊन नऊ तास गाडीत जातात. माझा सल्ला, एक रात्र तिकडेच काढा. सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही मिळतात.

आता कोणी म्हणेल, इतकं आलोय तर एक डाव खेळून बघू. खेळा की. मी काही वारकऱ्याची शपथ घालत नाही. फक्त त्याला तिकिटाचे पैसे समजा. दहा डॉलरचा डाव, तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे चारशे डॉलर चाकावरून फिरले. दुहेरी शून्याच्या चाकावर त्यातले सरासरी एकवीस जातात. ही तासाची तिकिटाची किंमत. हल्ली स्ट्रिपवर तिहेरी शून्याची चाकं आली आहेत. त्यावर हाच आकडा तीसच्या पुढे जातो. चाक ओळखा. पाकिटात ठरवलेली रोकड ठेवा आणि कार्ड खोलीत.

यंत्रांबद्दल मात्र मी वेगळ्या आवाजात बोलणार आहे. नताशा शूल या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक लास वेगासमध्ये अनेक वर्षं जुगारयंत्रांचा आणि ती खेळणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होत्या. २०१२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना भेटलेल्या व्यसनी खेळाडूंचं सांगणं असं, की ते जिंकण्यासाठी खेळत नव्हते. खेळत राहण्यासाठी खेळत होते. यंत्रापुढे वेळ, पैसा, घरचं दुःख, सगळं विरून जातं. यातले कितीतरी पर्यटक नव्हते, त्याच गावात राहणारे, नोकरी करणारे लोक होते. आपल्या गटातलं कोणी 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच' म्हणून तिसऱ्यांदा मागे राहिलं, तर थट्टा करू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला जेवायला घेऊन जा.

हे गावात राहणारे लोक, हाच माझ्या दृष्टीने शेवटचा मुद्दा. आपण चार दिवसांत परत येतो. ते तिथेच असतात. आपली खोली कोण झाडतं? त्या बायकांची, स्वयंपाक्यांची, वाढप्यांची एक संघटना आहे, १९३५ पासूनची, आज सुमारे साठ हजार सभासदांची. १९९१ मध्ये 'फ्रंटियर' हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप केला. तो सहा वर्षं आणि चार महिने चालला, आणि एकही माणूस फुटून कामावर परतला नाही. शेवटी ते जिंकले. गिरणी संपाची आठवण असलेल्या आपल्या पिढीला या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको. रोज सकाळी खोली सोडताना उशीजवळ दोन-चार डॉलर ठेवावेत. खर्चाच्या यादीत ही ओळ पहिली लिहा.

आणि हे सगळं लांबचं आहे असं समजू नका. गोव्यात १९७६ च्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं, मग जहाजांवर कॅसिनो आले. पणजीला मांडवीच्या काठावर उभं राहिलं की ते दिवे दिसतात. महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोंचं नियमन करणारा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. गोव्याने २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत जायला मनाई केली. मोनॅकोतही तिथल्या नागरिकांना आपल्या प्रसिद्ध कॅसिनोत खेळता येत नाही. या नियमांचा अर्थ काय होतो, विचार करा. आपल्या माणसांना जे बाधेल असं आपल्याला वाटतं, ते पाहुण्याला वाढायला आपण तयार असतो. लास वेगासने निदान हा भेद केला नाही. पण त्याची किंमत तिथल्या स्थानिकांनीच मोजली.

तर, जाणं बरं दिसतं का? सभापर्वात न खेळणाऱ्यांवर ठपका येतो तो सभेत हजर असण्याबद्दल नाही. द्रौपदीने प्रश्न विचारला आणि सभा गप्प राहिली, तिथे तो येतो. विकर्णाने आणि विदुराने तोंड उघडलं. तेही न खेळणारेच होते. तेव्हा जरूर जा. धरण बघा, दरी बघा, कारंज्यांसमोर उभे राहा. आपलं बिल आपण भरा. आणि परत आल्यावर आपल्या गावात जेव्हा कोणी अशी सभा बांधायला निघेल, आणि रोजगार आणि पर्यटन असे शब्द कानावर येतील, तेव्हा आपल्याला विचारता येईल : इथे हरणार कोण आहे, आणि तो राहतो कुठे?